लाल ओळींसाठी भांडणारी

"लाल म्हंजे जाऊन पाहा. लाल म्हंजे कापा, असं कोणं सांगतलं तुमाले?"

हे ती टेबलावर हात आपटून म्हणायची आणि माझा चहा बशीत सांडायचा. आमच्या डोंगराळ तालुक्याच्या रेशन शाखेत ती कंत्राटी ऑपरेटर होती, मी शेजारच्या टेबलावरचा कारकून. ती माजरीच्या कोळसा खाणीतल्या मजुराची लेक. गोड बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. डबा सगळ्यांना वाटायची, पण तोही ओरडून. "खा ना, काऊन लाजता?"

साऱ्या तालुक्याची कार्डं एका भल्यामोठ्या एक्सेल शीटमध्ये होती. डोळ्यांनी चुका शोधायच्या तर जन्म गेला असता. म्हणून तिनं कंडिशनल फॉर्मॅटिंग लावलं. एका गावात एकच नाव दोनदा आलं की दोन्ही ओळी आपोआप लाल. मग ती गावात फोन लावायची, माणसं खरंच दोन आहेत ना विचारायची आणि लाल काढायची. आमच्याकडे गोंडांच्या गुड्यांवर, म्हणजे पाड्यांवर, आजीचं नाव नातीला ठेवतात, आडनाव अर्ध्या गावाचं एक. ओळी लाल होणारच.

मग नवे साहेब आले. बोगस कार्डं पकडल्याचा अहवाल त्यांना वर पाठवायचा होता. लाल जोड्यांतली एकेक ओळ उडवा, म्हणाले. तिनं साफ नाही म्हटलं आणि एका गुड्यावरून आजी-नातीलाच बोलावून घेतलं. नात विधवा, पदरी लेकरं. कार्डं वेगळी, नाव एकच.

"मोजा ना सर. एक हाय का दोन?"

साहेबांनी मान वर केली नाही. "शीटमध्ये डुप्लिकेट आहे. कोणतं ठेवायचं ते यांनाच ठरवू दे."

आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. दोन जिवंत बाया समोर उभ्या आणि हा गृहस्थ रंग बघतोय!

आजी पटकन म्हणाली, "इचंच ठेवा. इले लेकरं हायत."

साहेब म्हणाले, "झालं तर मग."

"काय झालं? घरी आपल्या आईले सांगा असं, का तू नोको जेवू!" आमच्या ऑपरेटरचा आवाज पार बाहेरच्या पानठेल्यापर्यंत गेला. महिनाअखेरीस तिचं कंत्राट संपवलं. आजीचं नाव दुसऱ्या कुणीतरी उडवलं.

पुढे एकदा आजी आली. नव्या ऑपरेटरकडे बघत घुटमळली.

"बाई कुठी गेली?"

"काढलं तिले," मी म्हणालो.

आजीनं पदराची गाठ सोडून मूठभर चारोळी माझ्या टेबलावर ठेवली. "तिले द्याल."

"अन् तुमच्या तांदळाचं?"

"राहू द्या भाऊ. माह्यापायी तिची नोकरी गेली."

आजीनं आम्हाला शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटलं. तिनं माझ्यापुढे हात जोडले आणि ती गेली.