मन्मथअप्पांचं पपई चिकन

मन्मथअप्पा चिकन तळताना मान तिरकी करून कढईकडे कान धरायचे. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, या माणसाची मान लचकली आहे. फोडी तेलात पडल्या की आधी मोठा आवाज होतो, मग तो बसत बसत बारीक होतो. तो पुरेसा बारीक झाला की अप्पा झारा घालायचे. चव त्यांना ठाऊकच नव्हती. गळ्यात इष्टलिंग, जन्मात मांस जिभेला लागलेलं नाही, आणि मानवतच्या बसस्टँडसमोर त्यांची चायनीजची गाडी, तीही चिकनची.

चाखायचं काम माझ्याकडे होतं. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान गाडीला लागूनच, आणि आम्ही खाणारे लोक. रोज पाचच्या सुमाराला पहिल्या घाण्यातली एक फोड बशीत घेऊन अप्पा यायचे, बशी काउंटरवर ठेवायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. मी खाऊन सांगायचो, "मीठ कमी हाय," नाहीतर "एक नंबर." मग गाडी सुरू. आधी दोन वर्षं त्यांनी कोबीचं मंचुरियन विकून पाहिलं होतं, पण कोबीला मानवतात कोण विचारतंय? शेवटी चिकनला हात लावला. "हात संसाराचा हाय भाऊ," ते म्हणायचे, "तोंड महादेवाचं."

त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. सिलिंडरला भ्यायचे, वाऱ्याला भ्यायचे, कडेला झोपलेल्या कुत्र्याला तर आपली वाट सोडून वळसा घालायचे. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी भट्टी बंद करून माझ्या दुकानात येऊन बसायचे आणि पुन्हा पुन्हा विचारायचे, "चावी फिरवली ना म्या? बघितलं ना तुमी?" आम्ही शेजारपाजारचे त्यांची लय मजा घ्यायचो. त्यांना राग यायचा नाही. "भ्यावं माणसानं. भेणाराचं तेल कवा उतू जात न्हाई," एवढं म्हणून ते पुन्हा कांदा चिरायला लागायचे.

त्यांचा तो नावाजलेला पदार्थही भीतीतूनच निघाला. व्हिनेगरच्या बाटलीला त्यांना ॲसिडचा वास यायचा. गिऱ्हाइकाचं आतडं जळलं तर, म्हणून त्यांनी व्हिनेगर सोडलं आणि कैरीचा रस घातला. फोड चिवट राहून एखाद्याच्या घशात अडकली तर, म्हणून तळायच्या आधी थोडा वेळ कच्च्या पपईचा कीस चोळला. मिरचीनं कुणाला ठसका लागून जीव घाबरा झाला तर, म्हणून वरून नारळाचं दूध. शेवटी सिमला मिरचीबरोबर अर्धवट पिकलेल्या पपईच्या फोडी पडायच्या. चिन्यांनी ओळखलं नसतं, पण वालूर-बोरीकडची माणसं बाजाराला आली की ते खाल्ल्याशिवाय परतीची एसटी धरत नसत. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा बशीसुद्धा चाटली होती.

शिमगा होऊन उन्हं तापायला लागली आणि बातमी आली की कुठल्याशा गावात कोंबड्या पटापट मरायलेत. कोण म्हणे माणसालाही लागतं, कोण म्हणे तीन दिवसांत खेळ खलास. खरं किती, खोटं किती, कुणाला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर मेलेल्या कोंबड्यांचे ढीग दिसायचे. माझ्या बायकोनं घरात अंडंसुद्धा यायचं बंद केलं. मी तिला हसलो, पण दुपारी दुकानात एकटा बसलो की घसा खवखवल्यासारखा वाटायचा.

अप्पांची तर झोपच उडाली होती. गाडी बंद ठेवायचा त्यांचा विचार होता, पण बोरीची पाच-सहा माणसं बाजाराला येणार होती, त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता. अप्पांनी ओळखीच्या दुकानातून डोळ्यांसमोर कोंबड्या कापून घेतल्या. "कच्चं राह्यलं तर रोग ऱ्हाईल भाऊ," सकाळी ते मला म्हणाले. "म्या आज पपई दुप्पट लावलीय. आत्तापासूनच मुरायला ठिवलंय. पार मऊ शिजलं पायजे." मी मान डोलावली. मटण-चिकन रांधणाऱ्या कुठल्याही बाईनं त्यांना तिथंच थांबवलं असतं. मी खाणारा होतो, शिजवणारा नव्हतो, आणि त्यात माझं अर्धं लक्ष स्वतःच्या घशाकडे होतं.

पाच वाजता बशी आली. अप्पांनी नेहमीसारखी पाठ फिरवली. फोड वरून लालसर, कुरकुरीत, वाफ निघत होती. मी ती उचलली, तोंडापर्यंत नेली आणि माझा हात थांबला. समोर ती खाकी सदऱ्याची पाठ. मी फोड गुपचूप तारांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, वर कागद सारला आणि म्हणालो, "एक नंबर, अप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

अर्ध्या तासानं आरडाओरडा झाला म्हणून मी बाहेर आलो. बोरीच्या माणसांनी प्लेट गाडीच्या फळीवर आपटली होती. फोड वरून कडक, पण मोडली की आत नुसता लगदा. दिवसभर पपईत पडलेल्या चिकनचं दुसरं काय होणार? "सडकं हाय ह्ये," त्यांच्यातला एक धिप्पाड माणूस म्हणाला. "मेलेल्या कोंबड्या खाऊ घालायलाय ह्यो." बघता बघता रस्त्यावरची माणसं गोळा झाली. सगळेच भ्यालेले होते, आणि भ्यालेल्या गर्दीइतकं वाईट काही नाही. कुणीतरी गाडीचं चाक हलवलं. कढईतलं तेल हिंदकळलं.

"तू खा आदी," तो माणूस म्हणाला. "आमच्यासमोर खा."

"म्या खात न्हाई," अप्पा म्हणाले.

"ऐका," तो गर्दीकडे वळून म्हणाला. "सोता खात न्हाई."

"तसं न्हवं बापा. ह्या भाऊंनी चाखलंय. इचारा त्यास्नी."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "चाखलंय," मी कसाबसा म्हणालो. लगेच प्लेट माझ्यासमोर आली. "मग अजून एक खा." माझा हात वर होईना. अप्पा माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी डाव्या हातानं सदऱ्यावरून गळ्यातलं लिंग घट्ट धरलं आणि उजव्या हातानं प्लेटमधली फोड उचलली. ओठ हलत होते, जप करत असावेत.

ती फोड त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर असताना मी ती हिसकावून घेतली आणि तोंडात टाकली. चावायला काही नव्हतंच, जिभेवर विरघळली. आंबट, तिखट, मागून नारळ. नासकं काहीही नव्हतं. "पपई जास्त झालीय," मी म्हणालो. "दुसरं काय बी न्हाई." गर्दीतली एक म्हातारी पुढे आली, तिनं फोड बोटानं चिरडून पाहिली. "पपईनं असंच गळतंय की," ती म्हणाली. माणसं कुरकुरत पांगली. मी अप्पांकडे पाहू शकलो नाही. पाच वाजता मी खरंच चाखलं असतं तर पपईचं तेव्हाच सांगितलं असतं, एवढं कळायला त्यांना कुणाची जीभ लागत नव्हती.

पुढचे आठ दिवस त्यांनी गाडी लावली नाही, पण सकाळ-संध्याकाळ येऊन माझ्या कपाळाला हात लावायचे. "ताप न्हाई ना?" मी रात्री दचकून उठत होतो, ते त्यांना न सांगता कळलं होतं. आठव्या दिवशी म्हणाले, "भ्यालतात तर सांगायचं होतं भाऊ. म्या बी भ्यालतोच की. दोघं मिळून भ्यालो असतो." त्यानंतर त्या दिवसाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. नवव्या दिवशी बशी आली, आणि अप्पा पूर्वीसारखेच पाठ फिरवून उभे राहिले. मला वाटत होतं, यांनी वळून बघावं. ते कधीच बघत नसत.

गेल्या वर्षी अप्पा गेले. त्यांच्या गावी शेतात समाधी दिली, त्यानंतर मी घरी भेटायला गेलो. वहिनी, म्हणजे अप्पांच्या पत्नी, गावीच राहायच्या; त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगताच त्यांनी पदर सावरला आणि पाट पुढे सरकवला.

"तुमीच का ते भाऊ? लय सांगायचे तुमचं. माझी जीभ मानवतात ठिवलेली हाय म्हणायचे." मग डोळे पुसत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझ्या जिभेनं मला एकदा बी फसवलं न्हाई, असं म्हणायचे."

भिंतीवर अप्पांचा फोटो होता, मान जराशी तिरकी. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मला सांगायला भ्या वाटायलंय. पर एकदा फसवलंय."