व्याह्यांच्या डोक्यावर बसायचे नाही

दिनांक १४ ऑक्टोबर २०२४, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. ग्रीसमधल्या एका डोंगरउतारावर कोरलेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या नाट्यगृहात माझे वडील आणि माझ्या बहिणीचे सासरे एकमेकांपेक्षा खाली बसण्याची स्पर्धा करत होते. दोघेही जिंकत होते.

मी ध्वनिशास्त्रात संशोधन करते. फैजपूरच्या केळीवाल्या घरात हे वाक्य उच्चारले की समोरचा माणूस सहानुभूतीने विचारतो, "म्हंजे डीजेचं काम का?" प्राचीन नाट्यगृहांत आवाज कसा पसरतो, या विषयावर युरोपातल्या एका प्रयोगशाळेने मला दोन वर्षांची जागा देऊ केली होती. होकार दुसऱ्या दिवशी कळवायचा होता. वडिलांनी, म्हणजे नानांनी, महिनाभर होही म्हटले नव्हते आणि नाहीही. "केळीचा घड काट्यावर तोलता येतो, बापा," एवढेच ते म्हणत. "तुझा आवाज कशावर तोलू? एकदा दाखव करून. मंग बोलू."

म्हणून दाखवायचे ठरले. नाना-आई आणि बहिणीचे धुळ्याकडचे सासूसासरे अशा चौघांनी युरोपची सहल घेतलीच होती. त्यात मी स्वतःला घुसवले. नाट्यगृहाच्या अधिकाऱ्यांना तीन पत्रे लिहून पर्यटकांच्या बसगाड्या येण्यापूर्वीची पंचवीस मिनिटे मिळवली. उपकरणे आत नेण्यास सक्त मनाई होती. हरकत नाही! मनुष्याचा कान हेही उत्तम उपकरण आहे. (असे मी त्या दिवसापर्यंत मानत असे.)

प्रयोग अत्यंत सोपा होता. मी मध्यभागी उभी राहून हलक्या आवाजात एकेक शब्द उच्चारणार. चौघांनी चार वेगवेगळ्या ओळींत बसून ऐकू आलेला शब्द कार्डावर लिहायचा आणि आपली खात्री दहापैकी किती, तो आकडा. चोपड्याजवळच्या टेकडीवर नाना आणि आईला घेऊन मी याची रंगीत तालीमही केली होती. ती निर्दोष पार पडली. त्या तालमीत व्याही नव्हते, हा फरक माझ्या शास्त्रशुद्ध नजरेतून निसटला.

गुडघ्यांमुळे विहीणबाई पाचव्या ओळीत, त्यांचे यजमान आप्पा पंधराव्या, नाना पंचविसाव्या आणि कान सर्वांत तल्लख म्हणून आई अगदी वर, पस्तिसाव्या ओळीत, अशी माझी मांडणी होती. सगळे बसले. मी घसा साफ केला. आणि नाना उठून खाली येऊ लागले.

"नाना! कुठे निघालात?"

"व्याह्यांच्या डोक्यावर बसू का मी?"

"डोक्यावर नाही, दहा ओळी मागे!"

"मागं म्हंजे वरच नं! मुलीचा बाप आहो मी. लोकं काय म्हनतीन?"

"इथे लोक कुठे आहेत?"

"व्याही आहेत नं!"

ते चौदाव्या ओळीत, आप्पांच्या एक पायरी खाली, कृतार्थपणे बसले. आप्पांना विजेचा झटका बसावा तसे झाले. "नाना, हाई काय? तुम्ही वर बसा. आमले खालेच बरं वाटस." ते तेराव्या ओळीत आले. नाना बाराव्या. आप्पा अकराव्या. मी ओरडत होते. परंतु मानपानात रंगलेल्या दोन खानदेशी माणसांना थांबवण्याइतकी ध्वनिऊर्जा निसर्गात उपलब्ध नाही! ते पाचव्या ओळीच्या खाली गेल्यावर विहीणबाईही उठल्या, कारण त्यांच्या पायांशी त्यांचे यजमान बसलेले होते. विहीणबाई खाली जाताहेत हे पाहून आई एका हाताने नऊवारीचा घोळ आणि दुसऱ्या हाताने कठडा सावरत पस्तीस पायऱ्या उतरली. (कठडा नव्हता. तिने हवा धरली होती.)

आठ सतरा. चौघेही मध्यभागाच्या कडेला, सरळ मातीत, मांडी घालून बसले होते. नानांनी पिशवीतून केळीच्या वेफर्सची पुडी काढून आप्पांपुढे धरली.

माझ्या संतापाचा इथे कडेलोट झाला, आणि संतापात माणूस जे करतो तेच मी केले: माहिती दिली. "तुम्हाला कल्पना आहे का, या नाट्यगृहात खालची ओळच सर्वांत मानाची असे? मोठमोठे पाहुणे तिथेच बसत! सामान्य माणसे वर!"

मग नाना इंगळी डसल्यासारखे उठले. "आधी नाही सांगायचं? व्याही आलेले अन् मी मानाच्या जागी फतकल मारून बसलो!" त्यांनी आप्पांना धरून पहिल्या ओळीत बसवले आणि स्वतः डोंगर चढू लागले. आप्पा मागोमाग. "नाना, मान तुम्हना शे! मी वर जास!" दोघांचे मिळून वय एकशे एकतीस होते आणि ते एकमेकांना मागे टाकत, धापा टाकत, वरच्या दिशेने पळत होते. दारावरची पहारेकरीण, एक उंच, कडक ग्रीक बाई, हे पाहून बाहेर आली. तिने मला विचारले, "यांचे भांडण झाले आहे का?" मी म्हटले, "नाही. हा आदर आहे."

आठ चोवीस वाजता मी चौघांनाही एकाच, विसाव्या, ओळीत शेजारी शेजारी बसवले. सगळ्यांचा मान सारखा. सगळे प्रसन्न. अंतर बदलले की ऐकणे कसे बदलते, हे मला मोजायचे होते. ते अंतर मी स्वतःच्या हाताने एकसारखे करून टाकले. माझ्या मार्गदर्शकांनी हे पाहिले असते तर त्यांनी मला केळीच्या बागेत परत पाठवले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

तरीही मी पहिला शब्द उच्चारला. "पणती."

उत्तरादाखल वरून कुडुम्, कुडुम् असा आवाज आला. वेफर्स! ध्वनी जितक्या सुलभतेने वर जातो तितक्याच सुलभतेने खाली येतो. त्यामुळे आप्पांच्या दाढेखालचा प्रत्येक तुकडा मला स्वतंत्रपणे मोजता येत होता. पाठोपाठ आईची कुजबुज आली, "ताई, 'पणती' लिहा, पणती. नळातला न न्हाई, बाणातला ण." विहीणबाईंचीही आली, "खात्री कितली लिखू?" आईचीही, "दहा लिहा. पोरीले बरं वाटीन."

मी दात ओठ खात दुसरा शब्द उच्चारला, "सुतळी." आणि वर धावत जाऊन कार्डे पाहिली. आप्पांनी दोन्ही वेळा "पणती" लिहिले होते. खात्री दहापैकी दहा.

"आप्पा, दुसरा शब्द वेगळा होता."

"व्हई का?"

"मग दहा कसे दिलेत?"

"पोर इतली मेहनत करी राह्यनी," आप्पा कळवळून म्हणाले, "तिले नऊ कसा देऊ?"

वैज्ञानिकाच्या भात्यात अशा भोंदूगिरीवर एक अस्त्र असते. मी थंड डोक्याने (म्हणजे थरथरत) खाली गेले, मध्यभागी उभी राहिले आणि केवळ ओठ हलवले. आवाज शून्य. चौघांनीही माना डोलावल्या. चौघांच्याही पेन्सिली चालल्या.

आठ एकोणतीस. नाना : "पपई". आप्पा : "राम राम". विहीणबाई : "चहा". आई : "जेवली का". खात्री चौघांचीही दहा! मी काहीही बोललेले नसताना माझ्या आईने मला माझ्याच तोंडून "जेवली का" म्हणताना ऐकले होते, आणि ते शंभर टक्के स्पष्टपणे!

मी पुन्हा मध्यभागी गेले, कारण जे बोलायचे होते ते तिथूनच बोलण्यासारखे होते. मी म्हणाले की हे दगड दोन हजार वर्षे प्रामाणिक राहिले आहेत आणि माझे नातेवाईक पंचवीस मिनिटेही राहू शकत नाहीत. मी म्हणाले की माणसाने एकदा तरी, केवळ एकदा, समोरचा काय बोलतो ते ऐकावे. आपल्याला बरे वाटेल ते ऐकू नये! मी म्हणाले की उद्या मला उत्तर द्यायचे आहे, आणि या घरात महिनाभर कोणी मला उत्तर दिलेले नाही. शेवटचे वाक्य मी किंचाळून म्हणाले. ते पस्तिसाव्या ओळीमागच्या ऑलिव्हच्या झाडांपर्यंत पोहोचले असावे, कारण तिथून कावळे उडाले.

शिटी वाजली. पहारेकरीण धावत आली. "पूर्वपरवानगीशिवाय नाटकाचे प्रयोग करता येत नाहीत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण काम चांगले करता."

वर चौघेही खाली माना घालून बसले होते. नाना उठले. एक एक पायरी उतरून माझ्यापाशी आले. टोपी काढून हातात घेतली.

"काम समजलं मले तुझं," ते म्हणाले. "कोनी ऐकतच नाही, हे मोजतं तू. बरोबर?"

"जवळपास," मी म्हटले.

"तुले उत्तर पाह्यजे नं? जाय, पार वर जाऊन बस. मी इथून सांगतो. पाहू ऐकू येतं का."

माझ्या हातात पाच मिनिटे उरली होती. मी पस्तीस पायऱ्या चढले. छाती भात्यासारखी हलत होती. खाली आई, आप्पा, विहीणबाई दगडासारखे स्तब्ध. वेफर्सची पुडी बंद. वारा नाही. खूप खाली, मध्यभागाच्या दगडावर, हातात टोपी घेतलेले नाना, आमच्या शेतातल्या बांधावर दिसतात त्याहून लहान दिसत होते. त्यांनी मान वर केली.

आणि मला ऐकू आले. हलके, स्वच्छ, प्रतिध्वनीविरहित. "जाय."

मी वही उघडून तत्काळ नोंद केली आणि धावत खाली आले. "ऐकू आलं, नाना! अगदी शेवटच्या ओळीत! तुम्ही 'जाय' म्हणालात!"

नाना आप्पांकडे पाहू लागले. आप्पा आकाशाकडे.

"मी तं अजून इचारच करत होतो," नाना म्हणाले, "कसं सांगू म्हनून. तोंड कुठी उघडलं?"

कोणीही हसले नाही, ही गोष्ट मी आजही क्षमा करू शकलेले नाही. मी पेन उचलले.

"खोडून टाकते का?" नानांनी विचारले.

"शास्त्राच्या वहीत खोडता येत नाही," मी म्हणाले. आता ज्याच्यावर संतापावे असे माझ्याखेरीज कोणी शिल्लक नव्हते. "चूक झाली तरी नोंद तशीच ठेवावी लागते."

नानांनी वही हातभर लांब धरून वाचली, मिटली आणि परत दिली. "खोडत नाही नं? मंग राहू दे लिहिलं तसं."

ती वही आज युरोपातल्या त्या प्रयोगशाळेत, माझ्या टेबलावर आहे. शेवटची नोंद अशी : वेळ आठ चौतीस, वक्ता नाना, श्रोता मी, ओळ पस्तिसावी, उच्चारलेले शब्द ०, ऐकू आलेले शब्द १, खात्री, दहापैकी १०.