सारख्या धुऱ्याची दोन वावरं

आमच्याकडे वाटणीची एक रीत होती. थोरल्या भावानं हिस्से पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. थोरल्याला लबाडी करायला जागाच उरू नये, म्हणून. आमचे बाबा धाकटे. घोटाळा एवढाच झाला, की उचलण्याआधी त्यांनी मला विचारलं.

मी तेव्हा सौंसरला गणित घेऊन अकरावीत होतो. घरात माझ्या मताला भलताच भाव. तिगावजवळच्या वावराचे मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, दोन तुकडे पाडले: सडकेलगतचा चौरस आणि नाल्याकाठचा लांबच लांब पट्टा. बाबांना हौस एकच, संत्र्याचा बगीचा. पंचांसमोर मी दोर घेऊन दोन्ही धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, ऐटीत फिरलो. चौरस दहा दोर लांब, दहा रुंद. पट्टा सोळा लांब, चार रुंद. चारी बाजूंची बेरीज दोन्हीकडे चाळीस!

"दोन्ही सारकेच हायेत, बाबा. मंग नाल्याचं काहून सोडावं? पानी जवळ हाय."

"डोळ्याले तं लहान दिसून राहिलं रे."

"डोळा फसवते. दोर नाई फसवत."

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते कौतुक वाटलं. बाबांनी पट्ट्यावर सुपारी ठेवली; ती ठेवली की शब्द फिरत नाही.

दोघा भावांनी संत्र्याची कलमं मोजून सारखीच आणली. मोठ्या बाबांच्या चौरसात सगळी मावली. आमचे खड्डे संपले आणि कलमांचा ढीग तसाच. तेव्हा कुठे मी लांबीला रुंदीनं गुणलं. तिकडे शंभर, इकडे चौसष्ट. हा धडा मला पाचवीपासून तोंडपाठ होता.

बाबांना मी मातीत काडीनं आकृती काढून समजावलं. फार छान समजावलं. त्यांना एका दमात कळलं.

"हे सुपारीच्या आंधी नाई काढता आलं?"

"मोठ्या बाबांले सांगून पाहू?"

"कोन्या तोंडानं? त्यायनं पाडलं, आपन उचललं."

दाटीवाटीनं लावली असती तर एकही झाड नीट फळलं नसतं. उरलेल्या कलमांवर बाबा गोणपाट टाकून पाणी शिंपडत राहिले. पानं गळाली तरी शिंपडत राहिले.

"पाय बरं," एका सकाळी ते म्हणाले, "अजून एखादं बसते काय कुठं."

मी धुऱ्याधुऱ्यानं पाहून आलो. बसत नव्हतं.