मी सांगायचं, त्याने टाइप करायचं

"तू थंयच रव," मालक म्हणाले. "भायरसूनच सांग."

मी पडवीत, उंबरठ्याबाहेर उभी. आत देवघराला लागून असलेल्या खोलीत सर्व्हर. त्याच्यासमोरच्या खुर्चीत मालकांचा मुलगा. दुरुस्ती मला करायची होती, पण हात त्याचे चालणार होते. मी एकेक अक्षर ओरडून सांगायचं, त्याने टाइप करायचं.

कुडाळमधली आमची कंपनी म्हणजे मालकांच्या आवारातली एक शेड. आम्ही सात जण. मालवणच्या लॉजवाल्यांना खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर पुरवायचो. सर्व्हर तेवढा घरात, कारण इन्व्हर्टर आणि एसी तिथे. एरवी तो मी माझ्या टेबलावरूनच चालवायचे. जोडणी तुटली की मात्र त्याच्यासमोर बसावंच लागायचं. बाकीचे सहाही जण आत जायचे. चहा आतच प्यायचे.

नोकरीला लागले त्या दिवशी मालकांनी गाव विचारलं. कट्टा गावाजवळचं, म्हटलं.

"वाडी खंयची?"

मी वाडी सांगितली. आमच्याकडे वाडी सांगितली की जात सांगून होते. ते नुसतं "बरा" म्हणाले. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. फक्त माझा चहा शेडमध्ये यायला लागला. कागदी कपातून.

तर ती मे महिन्यातली सकाळ. मालवणात पर्यटकांची गर्दी आणि सर्व्हरची डिस्क भरून तो बंद पडलेला. जुन्या फायली उडवायच्या होत्या. मी कमांडची ओळ सांगितली. "सगळं सलग लिही. मधे जागा सोडू नको," असंही सांगितलं. दोनदा. फोल्डरच्या नावात एक रिकामी जागा पडली, तर मशीन भलतंच फोल्डर पुसून टाकतं.

आतून टाइप केल्याचा आवाज आला. मग मुलगा म्हणाला, "बाबा, बुकिंग गेली."

आदल्या दिवसाची कॉपी होती, ती चढवली. त्या सकाळची बुकिंग गेली ती गेलीच. लॉजवाल्यांचे फोन सुरू झाले. मालक शेडमध्ये आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुका जमणा नाय, ता आधी सांगूचा होता. कोट्यातली माणसा घेतली की ह्याच होता."

मुलाची पुण्यातल्या कॉलेजातली सीट मॅनेजमेंट कोट्यातली. तो कोटा कोणी मोजत नव्हतं.

मला ते खरं वाटलं. माझा उच्चार चुकला असेल. मी घाबरून भलतंच बोलले असेन. पुढचे कित्येक आठवडे साधं काम केलं तरी शेजारच्याला दाखवायचे. बरोबर आहे ना? एकदा बघतोस? तो न बघताच हो म्हणायचा. मी परत विचारायचे.

नोकरी सोडायची म्हटलं तर जायचं कुठे? जाहिरातींत सगळीकडे अनुभवाचं पत्र मागत होते. ते पत्र मालकांच्या हातात.

म्हणून शिकायला लागले. घरी जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर केला. तो मुद्दाम बिघडवायचा, मग उभा करायचा. सकाळच्या एसटीत मोबाइलवर वाचत जायचे. असंच एकदा वाचताना कळलं, की टाइप केलेली प्रत्येक ओळ सर्व्हर स्वतःपाशी लिहून ठेवतो. इतकी साधी गोष्ट. मला माहीत नव्हती.

शेडमध्ये पोचल्या पोचल्या ती नोंद उघडली. त्या सकाळची ओळ तशीच होती. फोल्डरच्या नावात रिकामी जागा. मी सोडू नको म्हटलेली.

आनंद झाला नाही. इतके दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते, त्याचा संताप आला.

स्क्रीन मुलाला दाखवली. तो म्हणाला, "असेल. तू नीट सांगायला हवं होतंस."

गणपतीआधी सर्व्हर पुन्हा अडकला. मुलगा खुर्चीत जाऊन बसला. मालकांनी मला पडवीत बोलावलं.

मी म्हटलं, "मी आत येतंय. खुर्चीत मी बसतलंय."

"आत देव आसत."

"मगे मी सांगूचंय नाय."

"तर घराकडे जा."

मी गेले. डबा उचलला आणि एसटी पकडली.

आईने ऐकून घेतलं. ती आयुष्यभर लोकांच्या काजूच्या बागांत राबलेली. म्हणाली, "भायर उभी रवलंस तर तुझा काय झिजता? मी जलमभर रवलंय." मग चुलीकडे वळली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन. मशीन अजून बंदच होतं. "पडवीत टेबल लावतंय. मशीन भायर काढतंय. ये तू."

"मशीन हलवू नका," मी म्हटलं. "थंयच बसतलंय, नायतर नाय."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही. पत्र मिळालं नाही. आईला अजून वाटतं, मी माफी मागून परत जावं.

मी रोज अर्ज करते. प्रत्येक अर्जात एक रकाना असतो, आधीची नोकरी का सोडली? त्यात मी लिहिते, माझ्या जातीमुळे मला सर्व्हरला हात लावू देत नव्हते. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण म्हणाली, असं लिहिलंस तर कोणी बोलावणार नाही. अजून तरी कोणी बोलावलेलं नाही.

ते वाक्य मी बदलणार नाही.