आधी गुड मॉर्निंग, मग बाकीचं

वासंतीच्या नवऱ्याचा, श्रीधरचा फोन आला तेव्हा मी वॉटफर्डच्या बसस्टॉपवर उभी होते. "माधुरी, वासंती गेली गं... झोपेतच." एवढंच बोलून तो रडायला लागला. बस आली, मी चढले, बसले आणि कुठे उतरायचं तेच विसरले. त्याला आता सहा आठवडे झाले. तिच्यावर लिहायला बसलं की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू? बाईच तशी होती.

आमची ओळख बार्बाडोसची. दोन हजार तीनच्या सुमारास आम्हा दोघींचे नवरे बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी तिथे गेले आणि त्यांच्यामागोमाग आम्ही. लोकांना वाटायचं, काय मज्जा, रोज समुद्र! समुद्र होता, पण कपाटातले कपडे दमट, साखरेत मुंग्या आणि तूरडाळ कुणी भारतातून आलं तरच. मी पुण्याची, तक्रारी करण्यात पटाईत. वासंती रत्नागिरीची. बाजारात ब्रेडफ्रूटचा ढीग बघून ती ओरडलीच, "अगं, हा तर आपला नीरफणस!" त्या दिवसापासून तिच्याकडे तिखटमीठ लावून, रव्यात घोळवलेले काप सुरू झाले, आणि वास आला की शेजारच्या डोरीनबाई ताटली घेऊन हजर.

याच डोरीनबाईंनी आम्हाला वळण लावलं. झालं असं, की पहिल्याच आठवड्यात आम्ही औषधांच्या दुकानात गेलो आणि वासंतीने सरळ विचारलं, "डोकेदुखीची गोळी आहे का?" काउंटरवरची बाई ढिम्म. वासंतीने पुन्हा विचारलं. बाई शांतपणे म्हणाली, "गुड आफ्टरनून." माझा पारा चढला. घरी येऊन मी डोरीनबाईंकडे कागाळी केली, तर त्या आमच्यावरच उखडल्या. या बेटावर दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये पाय ठेवला की आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग, मग बाकीचं. न बोलता आत शिरतो तो उर्मट. मी ते गरजेपुरतं उरकायचे. वासंतीने मात्र मनापासून उचललं. बसमध्ये चढली की खणखणीत "गुड मॉर्निंग!", आणि अख्खी बस उलट "मॉर्निंग!" म्हणायची. बाई अशी फुलायची, जणू वर्गात पहिला नंबर आलाय.

तीन वर्षांनी दोन्ही नवऱ्यांची बदली लंडनला झाली. आम्ही वॉटफर्डला घरं घेतली, एकमेकींपासून बसने दहा मिनिटांवर. पहिल्याच शनिवारी टाउनला जाताना बाईसाहेब बसमध्ये चढल्या आणि... "गुड मॉर्निंग, एव्हरीवन!" बस चिडीचूप. एकाने तोंडासमोर पेपर धरला. एक मुलगी फिसकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दबक्या आवाजात तिला झापलं, "वासंती, हे बार्बाडोस नाही. माझ्यासोबत असताना तरी हे नको, मला लाज वाटते."

ती म्हणाली, "बरं बाई, नाही म्हणणार."

आणि खरंच, माझ्यासमोर पुन्हा कधी म्हणाली नाही. मला वाटलं, सवय सुटली. इतकी वर्षं दर शनिवारी आम्ही दोघी बसमध्ये तोंड मिटून चढलो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. काय बिघडलं असतं माझं?

गेल्या मंगळवारी श्रीधरला डबा द्यायला निघाले होते. मार्केटात नीरफणस दिसला होता, म्हणून डब्यात काप होते. तिच्याच रूटची बस. ड्रायव्हरला पास दाखवला, आत पाहिलं, सगळे आपापल्या खिडकीकडे तोंड करून. म्हटलं, आज होऊनच जाऊ दे. "गुड मॉर्निंग." आवाज कसाबसाच निघाला.

"मॉर्निंग, लव्ह!" पुढच्याच सीटवरून एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. मागूनही दोन-तीन आवाज आले. मी बघतच राहिले! बाईंनी पिशवी उचलून मला जागा करून दिली आणि म्हणाल्या, "अशी आणखी एक जण म्हणायची, लाल कोटातली. आधी आम्ही कुणी उत्तरच द्यायचो नाही, पण ती कुठली ऐकतेय! रोज आपली म्हणायचीच. बऱ्याच दिवसांत दिसली नाही... ओळखता का तुम्ही तिला?"

तो लाल कोट आम्ही दोघींनी मिळून सेलमध्ये निवडला होता. म्हणजे मला दिलेला शब्द वासंतीने पाळला, फक्त शनिवारपुरता.

"ओळखते," मी म्हटलं. "माझी मैत्रीण." आणि डबा मांडीवर धरून मी त्यांना सगळं सांगायला लागले, अगदी त्या औषधांच्या दुकानापासून. माझा स्टॉप पुन्हा मागे गेला.