नलूताईंच्या कणकेतलं मीठ

नलूताई कर्णिकांना बाजारातलं काही म्हणून पसंत पडत नसे. लोणचं, मसाला, वाती, उटणं, सगळं घरचं. विमा कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या आणि शिवाजी पार्कजवळच्या आपल्या राहत्या घरात त्यांनी शिशुवर्ग काढला. तेव्हा मुलांना खेळायला लागणारी रंगीत क्ले विकत आणायची नाही, हे ओघानं आलंच. "डबीवर काय लिहिलंय ते तुम्हाला तरी वाचता येतं का?" असं त्या पालकांनाच दरडावून विचारायच्या.

दर सोमवारी सकाळी गॅसवर कढई चढायची. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, थोडं तेल, लिंबाचा रस आणि पाणी. मंद आचेवर ढवळत राहायचं, गोळा कढईपासून सुटायला लागला की उतरवायचा आणि हाताला चटके बसत असतानाच मळायचा. मग एकात हळद, एकात बिटाचा रस, एकात पालकाचा. मीठ एवढं का, तर मुंबईच्या दमट हवेत त्याच्याशिवाय दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो. नलूताईंची कणीक मात्र शनिवारपर्यंत मऊसूत. कुणी पोराने चाटून पाहिलीच तर तोंड वाकडं करून लगेच थुंकायचं, त्यामुळे त्यांना कधी काळजी वाटली नाही. "अगदी खाल्लं तरी चालतं," हे वाक्य त्या प्रत्येक पालकसभेत आणि वर्गात मुलांसमोरही म्हणत, आणि म्हणताना त्यांची मान जराशी ताठ होई.

वर्गातली चार वर्षांची मनवा ही शांती कोळणीची नात. शांती दादरच्या मासळी बाजारात बसायची आणि नलूताई वीस वर्षं तिच्याकडूनच मासे घ्यायच्या. दोघींचं भांडण ठरलेलं, पापलेटाच्या भावावरून. पण मनवाला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा शांतीने सुनेचं काही ऐकलं नाही. "माजी पोर नलूकडंच जानार," म्हणाली. गेल्या वर्षी शांतीच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं. आयुष्यभर खाऱ्या सुकटीवर, सुक्या मासळीवर जगलेली बाई. हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, नलूताईंना तर होतंच.

आषाढातली दिव्यांची अवस आली. नलूताईंनी वर्गात पाटावर समया मांडल्या आणि मुलांकडून हळदीच्या पिवळ्या कणकेचे दिवे करून घेतले. "घरी न्या, आजीला द्या," असंही सांगितलं. आता अवसेला घरोघर कणकेचे गोड दिवे उकडतात, पूजा करतात आणि तुपाबरोबर खातात. हे नलूताईंना माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही. त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तसले दिवे कुकरमध्ये उकडत होते. पण हा दिवा कुणी खाईल, असं त्यांच्या मनात आलं नाही.

दोन दिवसांनी शांतीच्या सुनेचा, शेफालीचा फोन आला.

"टीचर, आईंना ॲडमिट केलंय. पाय सुजलेत, दम लागतोय. काय खाल्लं ते डॉक्टर विचारतायत. आई म्हणतात फक्त मनवाचा दिवा खाल्ला, तूप घालून. त्यात काय होतं ओ?"

"मैदा, हळद, तेल, लिंबू," नलूताई म्हणाल्या. "सगळं घरचं."

"आणि मीठ?"

नलूताईंच्या डोळ्यांपुढे वर्गातल्या अकरा मुलांचे पालक उभे राहिले, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप उभा राहिला.

"चवीपुरतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे सुकटच खाल्ली चोरून," शेफाली चिडून म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नलूताई फोन हातात घेऊन बसून राहिल्या. कचेरीत असताना कुणी रजेच्या अर्जावर खोटा ताप लिहिला तरी त्या त्याला चारचौघांत सोलून काढायच्या. आणि आज आजारी बाईच्या सुनेला त्या बेधडक खोटं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना स्वतःची किळस आली. तरी परत फोन लावायला हात धजेना. डॉक्टरांना काय ते कळेलच, अशी त्यांनी दिवसभर मनाची समजूत घातली, आणि ती पटली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी देऊन त्या परळला हॉस्पिटलात गेल्या. शांतीची सूज उतरली होती. ती खाटेवर मान खाली घालून बसली होती आणि शेफाली तिला बोल लावत होती.

"घरातली सगळी सुकट मी कचऱ्यात टाकली. तुमचा मुलगासुद्धा कालपासून बोलत नाही ना तुमच्याशी? बरोबर करतो. लाज वाटायला पाहिजे चोरून खायला!"

"देवाशपथ नाय खाल्ली गो," शांती म्हणाली. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी शांती, तिचा आवाज पुरता बसला होता.

"शेफाली, तिला बोलू नकोस," नलूताई म्हणाल्या. "तिने सुकट खाल्लेली नाही. मीठ दिव्यात होतं. चवीपुरतं नाही, दोन वाट्या मैद्याला एक वाटी. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

शेफालीने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा नलूताईंकडे. मग पाण्याची बाटली उचलून ती बाहेर गेली.

शांतीने पायावरची चादर सारखी केली.

"पैल्याच घासाला कळला खारट हाय ते," ती म्हणाली. "पन पोर समोर उबी, माज्या तोंडाकडं बगत. बोलली, टीचर सांगतात खाल्ला तरी चालतं. मी बोलले, नलू कशाला खोटा बोलंल? खाल्ला सगला."

तिने पाय आखडून खाटेवर जागा केली. "बस ना, उबी कशाला?"

पण नलूताईंना तिथे बसवेना.