उजव्या कोपऱ्यातला गुलाबी कागद

आमच्या सावली गावात कोणी वारलं की ते रशीदभाऊंच्या तोंडून कळायचं. ऑटोवर भोंगा बांधून ते गावभर फिरत. आधी माइकात दोनदा फुंकर, मग मयताचं नाव, घर, अंत्ययात्रा किती वाजता... एवढंच. जात कोणतीही असो, आवाज तोच. ते स्वतः गेले त्या सकाळी मात्र भोंगा वाजला नाही. त्यांचा साला सायकलवर माझ्याकडे आला, उंबऱ्यापाशीच उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी गेले. आपानं तुमाले बोलावलं. माइक घेऊन बसली आहे." त्याला आता सहा आठवडे झाले.

रशीदभाऊंचं लाऊडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील मोर्च्यांतून आणायचे ती पत्रकं शाळेच्या पुस्तकांआधी वाचली आणि कॉलेजात गेल्यावर स्वतःच लिहू लागलो; तेंदूपत्त्यावर, मोहफुलांवर, बांबूवर. वयानं पंधरा वर्षांनी मोठे असलेले रशीदभाऊ माझं प्रत्येक पत्रक भोंग्यावरून फुकट वाचून दाखवत. "तुही भाषा जड आहे बापा," असं म्हणायचे, "पण खरी आहे. म्हणून वाचतो."

मार्कंड्याच्या जत्रेत हरवलेल्यांचा पुकारा करायचं काम दरवर्षी त्यांच्याकडेच असे. एका वर्षी मी त्यांच्या शेजारी गुलाबी कागदावर छापलेलं पत्रक घेऊन उभा होतो. बांबूवर गावाचा हक्क कसा, हे मी महिनाभर खपून लिहिलं होतं. एक पुकारा झाला की ते वाचायचं ठरलं होतं. तेवढ्यात नवरा हरवलेली एक बाई आली. रशीदभाऊंनी फुंकर मारली. "शालिकराव, जिथी असाल तिथून मांडवात या. तुमची बाई इथी बसली आहे. बाई म्हणते, मी रागावली नाई." मग त्यांनी बाईकडे नीट पाहिलं. "मी पाहून राह्यलो. रागावली आहे. तरी या."

सारी जत्रा हसली. शालिकरावही पाच मिनिटांत मान खाली घालून आले. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. व्हिडिओचा तो तुकडा एका मेमरी कार्डातून दुसऱ्यात गेला, मग इंटरनेटवर चढला, आणि महिन्याभरात नागपूर-पुण्याची पोरं 'रागावली आहे, तरी या' ही रिंगटोन वाजवू लागली. चंद्रपूरच्या एका सायबर कॅफेत मी ते पहिल्यांदा पाहिलं. उजव्या कोपऱ्यात गुलाबी कागद धरलेला एक हात दिसतो. तो माझा. माझं पत्रक जिथून सुरू होतं, तिथं तो तुकडा संपतो.

मी ते कितीदा पाहिलं ते सांगायला लाज वाटते. प्रत्येक वेळी त्यांना नाही, माझा हात पाहायचो. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी म्हणालो, "लोकांना विचार नको, गंमत पाहिजे." साथींनी माना डोलावल्या. पण तो विचार नव्हताच, निव्वळ हेवा होता. एवढी वर्षं मी शब्द घासत होतो, आणि या माणसाला बोलता बोलता सुचलेलं एक वाक्य साऱ्या देशानं उचललं.

रशीदभाऊ आधी खूश होते. नागपुरात एका मोबाइल दुकानाच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं, हार घातला, आणि दिवसभर तेच वाक्य म्हणायला लावलं. परत आल्यावर म्हणाले, "इलास, माकडावानी नाचवलं रे." मी हळहळलो. आतून मात्र बरं वाटलं.

मग आमच्या शाळेचे जुने गुरुजी वारले. रशीदभाऊ ऑटो घेऊन निघाले. बाजारचौकात त्यांनी नुसती फुंकर मारली आणि पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काऊन भाऊ, बाई रागावली का?" सारा चौक हसला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. गुरुजींचं नाव निघालं, आणि लोक पुन्हा हसले. शेवटी गुरुजींचा मुलगाच ऑटोला आडवा आला, हात जोडून म्हणाला, "राहू द्या रशीदभाऊ. तुमचं काई चुकलं नाई. पण माह्या बापाच्या नावावर लोक हासून राह्यले." त्यानंतर मयतीसाठी त्यांना कोणी बोलावलं नाही.

चार दिवसांनी ते माझ्या खोलीवर आले. "तू सगळ्याइवर पत्रक लिहितस. एक माह्यासाठी लिह ना. चार ओळी. मयतीच्या पुकाऱ्याले हासू नका... एवढंच."

मी म्हणालो, "रशीदभाऊ, व्यक्तिगत गोष्टींवर आपण पत्रक काढत नाही."

"असा नियम आहे का?"

"आहे."

असा नियम कधीच नव्हता. तो मी तिथं बसल्या बसल्या केला होता. ते "बरं" म्हणाले आणि उठले. त्यानंतर दुकानात ते रस्त्याकडे पाठ करून बसू लागले. दुरुस्त केलेला भोंगा तपासायलाही माइकात बोलत नसत, टेप लावत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. तेच खरं असेल. पण ज्याचा आवाज आला की गाव गप्प व्हायचं, त्याचं ते गप्प होणारं गाव आधीच गेलं होतं, आणि ते परत मिळवायला ज्या चार ओळी लागत होत्या त्या माझ्याकडे होत्या.

ते गेले त्या सकाळी भाभींनी, त्यांच्या बायकोनं, माइक माझ्या हातात दिला. माइकच्या तोंडाला रशीदभाऊंचा निळा चौकड्यांचा रुमाल बांधलेला होता. "तुमी लिहून नाई देल्लं," त्या म्हणाल्या, "आता बोलून तरी द्या."

हातात कागद नसताना मी पहिल्यांदाच ऑटोत बसलो. बाजारचौकात दोनदा फुंकर मारली, त्यांच्यासारखीच. पानठेल्यावर कोणीतरी सवयीनं हसलं. "हासू नका," मी म्हणालो. "रशीदभाऊ वारले. जनाजा दुपारच्या नमाजीनंतर घरून निघेल." माणसं दारात आली. चौक गप्प झाला. माझ्या शब्दावर एखादा चौक असा गप्प व्हावा, याची मी किती वर्षं वाट पाहिली होती... तो गप्प झाला तोही त्यांच्यासाठी. आणि त्या क्षणीही माझ्या मनात ते टोचलं. हे लपवून हा लेख लिहिता आला असता. पण मग तोही त्या नियमासारखाच खोटा झाला असता.

भाभींनी माइक परत घेतला नाही. तो माझ्या टेबलावर आहे. रुमालाची गाठ रशीदभाऊंनीच मारलेली, मी ती सोडलेली नाही. लिहायला बसलो की आधी त्यात दोनदा फुंकर मारतो. वायर कशालाच जोडलेली नाही.